बार्शीची नोंदवही

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘सोलापूर जिल्ह्याची आरोग्यसेवा : कमाई आणि आव्हानं’ असा विषय मला देण्यात आला आहे. विषय एवढा ऐसपैस, की अकरा तालुक्यांची नावं आणि प्रत्येक तालुक्यातल्या दवाखान्यांची अवस्था सांगता सांगताच वेळ संपावी. सिव्हिल हॉस्पिटलमधली गर्दी आहे, आषाढीला पंढरपुरात जमणारा लाखोंचा समुदाय आहे, विड्या वळणाऱ्या बायकांची दुखणी आहेत, २०२० चा कोरोना आहे. यातल्या कशावरही बोलता आलं असतं. मी मात्र एकच धागा हाती घेणार आहे, तो बार्शीचा. जिल्ह्यानं आरोग्याच्या क्षेत्रात काय कमावलं आणि गाडं नेमकं कुठं अडलं, हे दोन्ही त्या एका धाग्यात दिसतं. दुसरं कारण असं, की या कामाची माहिती फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या शास्त्रज्ञांना जेवढी आहे, तेवढी आपल्या कुर्डुवाडीच्या किंवा मोहोळच्या माणसाला नाही.

सुरुवातीलाच सांगते, मी संशोधक नाही. आरोग्य खात्यात डॉक्टर म्हणून नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षं ग्रामीण भागात गेली. बार्शीच्या कामाशी माझा नोकरीचा संबंध नव्हता. शेजारच्या घरातलं कार्य जसं आपण कुंपणावरून पाहतो, तसं मी ते पाहिलं.

बार्शी म्हटलं, की जुन्या मंडळींना भगवंताचं देऊळ आठवतं, भुसारची बाजारपेठ आठवते, आणि १८९७ साली सुरू झालेली ती छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे आठवते. याच गावात नर्गिस दत्त यांच्या नावानं कॅन्सरचं हॉस्पिटल उभं राहिलं. मुंबई-पुण्यापासून एवढ्या दूर, तालुक्याच्या गावात, केवळ कॅन्सरसाठी हॉस्पिटल, हे त्या काळी नवलच होतं. पण हॉस्पिटलपेक्षाही मला मोठी वाटते ती १९८७ मध्ये तिथं सुरू झालेली नोंदवही. तिचं अधिकृत नाव ‘ग्रामीण कॅन्सर नोंदणी’. भारतात लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सरची पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली होती. पुढं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, बंगलोर, मद्रास अशा शहरांत ती नेली. खेड्यातल्या माणसाला कॅन्सर किती होतो, कुठला होतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती बार्शीची.

तुम्ही म्हणाल, नोंदवही ठेवण्यात एवढं काय मोठं? शहरात ते काम तुलनेनं सोपं असतं. आठ-दहा मोठी हॉस्पिटलं, तिथले कागद तपासले, की बहुतेक रोगी सापडतात. खेड्यात तसं नसतं. खेड्यातला रोगी हॉस्पिटलात येतच नाही. तो आधी गावच्या डॉक्टरकडून दोन सुया टोचून घेतो, मग देवऋषी पाहतो, मग तालुक्याला जातो, तिथून ‘मुंबईला टाटाला जा’ म्हटलं, की घरी येऊन झोपतो. तो मेला, तर मृत्यूच्या दाखल्यावर ‘म्हातारपण’ असंही लिहिलं जातं. अशा माणसाची नोंद हॉस्पिटलच्या कागदात कशी सापडणार?

म्हणून बार्शीकरांनी उलटा रस्ता धरला. डॉ. बी. एम. नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शी तालुका आणि शेजारचे परांडा, भूम हे तालुके घेतले. एकूण ३४६ गावं, सुमारे चार लाख वस्ती. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळानं गावोगाव जात. सरपंच, मास्तर, गावचे डॉक्टर, दाई यांना भेटत. चावडीवर किंवा देवळात माणसं जमवून कॅन्सरची लक्षणं समजावून सांगत. बरी न होणारी जखम, छातीतली गाठ, गिळताना अडणारा घास, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं. ‘असं कुणाला आहे का?’ असं विचारत. संशय आला, तर त्या माणसाला बार्शीला आणून तपासत. सोलापूर, पुणे, मुंबईच्या हॉस्पिटलांत जाऊन या गावांचे रोगी तिथं आले होते का, तेही पाहत. आणि गावात कुणी वारलं असेल, तर घरी जाऊन कशानं वारलं याची चौकशी करत.

यातून दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे खरा आकडा कळला. खेड्यात कॅन्सरचं एकूण प्रमाण मोठ्या शहरांच्या मानानं बरंच कमी निघालं. इतकं घरोघर शोधूनही कमी निघालं, म्हणून त्यावर विश्वास ठेवता आला. (२०१२ ते २०१६ या काळाची देशभरातल्या नोंदणी केंद्रांची आकडेवारी पुढं प्रसिद्ध झाली. तीतही वयानुसार जुळवून घेतलेलं सगळ्यांत कमी प्रमाण आपल्या शेजारच्या उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांचंच होतं.) पण त्या कमीमध्येही बायकांच्या बाबतीत एक कॅन्सर डोकं वर काढून उभा होता, तो गर्भाशयाच्या मुखाचा, आपल्या बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात तो.

दुसरी गोष्ट कुणी ठरवून केलेली नव्हती. मोजायला म्हणून माणसं गावात जात होती, पण जाता जाता बोलत होती. आणि चार-पाच वर्षांत असं दिसलं, की या गावांतल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासायला येऊ लागल्या आहेत. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. कुणीतरी येऊन ‘असं झालं तर अंगावर काढू नका’ एवढं सांगितलं होतं. १९९५ साली हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. आरोग्यशिक्षण म्हटलं, की आपल्याकडं भिंतीवर रंगवलेली घोषणा डोळ्यांपुढं येते. म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

लवकर येण्याला एवढं महत्त्व का, ते थोडं समजून घेऊ. हा कॅन्सर बहुतांशी एका विषाणूमुळं होतो. त्याचं लांबलचक नाव बाजूला ठेवू. डॉक्टर त्याला एचपीव्ही म्हणतात. शरीरसंबंधातून तो येतो, आणि तो इतका सर्रास आढळतो, की कुणाच्या चारित्र्याचा वगैरे प्रश्नच उद्भवत नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो. मग गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि दहा-पंधरा, कधी वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. म्हणजे हा शत्रू वेशीवर दहा वर्षं तळ ठोकून बसतो. त्या दहा वर्षांत कधीही एकदा नीट पाहिलं, तर बदललेला भाग गोठवून किंवा कापून काढता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. इतकी सवलत देणारे कॅन्सर फार थोडे आहेत. आणि तरीही जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार त्यानं दगावल्या.

पाहायचं कसं? त्याच्या तीन रीती आहेत. पहिली म्हणजे पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, ज्याला पॅप तपासणी म्हणतात. श्रीमंत देशांनी याच रीतीनं हा आजार आटोक्यात आणला. पण तिला तरबेज तंत्रज्ञ लागतात आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. दुसरी अगदी साधी. गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ आपलं स्वयंपाकघरातलं व्हिनेगर लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. हे काम शिकवलेली नर्सबाईही करू शकते. तिसरी रीत म्हणजे तो विषाणूच आहे का, ते यंत्रावर तपासायचं. ती महाग, पण नेमकी.

खेड्यातल्या बाईसाठी यातली कुठली रीत खरोखर जीव वाचवते? १९९९ मध्ये हा प्रश्न जगात कुणालाच नीट सुटलेला नव्हता. तो सोडवायचं काम बार्शीच्या हॉस्पिटलानं, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रानं आणि लियाँच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं मिळून अंगावर घेतलं. लियाँकडून डॉ. आर. शंकरनारायणन यांनी नेतृत्व केलं. जागा निवडली लगतचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांची चार भागांत वाटणी केली. तेरा गटांत पॅप, तेरांत व्हिनेगर, तेरांत विषाणूची चाचणी, आणि उरलेल्या तेरांत नेहमीची सेवा. ३० ते ५९ वयाच्या एकूण १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका या अभ्यासात होत्या.

आता हा आकडा उच्चारायला सोपा आहे. पण ग्रामीण भागात पाच बायकांना अशा तपासणीसाठी टेबलावर झोपायला राजी करणं म्हणजे काय, हे माझ्यासारखीला माहीत आहे. ‘मला काय झालंय?’ हा पहिला प्रश्न. ‘आता या वयात कशाला दाखवू, बाई?’ हा दुसरा. आणि सासूला न विचारता यायचं कसं, हा न विचारलेला तिसरा. त्यात सोयाबीनची काढणी, ज्वारीची सुगी, घरातलं लग्न. तरीसुद्धा तपासणीच्या भागांतल्या बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे ७९ टक्के बायका आल्या. आल्या, कारण पथक त्यांच्या गावात गेलं होतं; बोलावणारी बाई ओळखीची झाली होती; घरातल्या पुरुषांशी आधी बोलणं झालं होतं. कोण आल्या आणि कोण नाही, याचाही पुढं अभ्यास झाला. तरुण, थोड्याफार शिकलेल्या, नवरा असलेल्या, कुटुंबनियोजनाचं साधन वापरलेल्या बायका जास्त आल्या. मागं राहिल्या त्या वयानं मोठ्या, निरक्षर आणि विधवा. विधवा बाईला ‘तिकडचं’ दुखणं असूच शकत नाही, असं आपला समाज धरून चालतो. रोग तसं धरून चालत नाही.

आठ वर्षं या बायकांचा मागोवा घेतल्यावर, एप्रिल २००९ मध्ये, अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सेवेवर सोडलेल्या ३१ हजार ४८८ बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरनं मेल्या. विषाणूची चाचणी झालेल्या भागात बायका जास्त होत्या, ३४ हजार १२६; तिथं ३४ मेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पसरलेल्या अवस्थेतले कॅन्सरही तसेच निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगर यांच्या भागांत मात्र म्हणण्याजोगी घट दिसली नाही. जगातल्या तज्ज्ञांनी या निकालाची दखल घेतली. आज विषाणूची चाचणी हीच पहिली तपासणी असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या सल्ल्याच्या मुळाशी असलेल्या पुराव्यांत बार्शीच्या पथकानं, धुळीच्या रस्त्यांवरून जीप हाकत, गोळा केलेला हा पुरावा आहे.

व्हिनेगरवर अन्याय नको. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या त्या निकालात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे पद्धत चालते, पण करणारीचा हात आणि डोळा तयार असावा लागतो आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडं मला परत यायचं आहे.

या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती सांगितल्यावाचून पुढं जाणं बरोबर नाही. ज्या तेरा गटांत काहीच तपासणी केली नाही, त्या बायकांचं काय? हा आजार तपासणीनं टळतो हे इतर देशांच्या अनुभवावरून माहीत असताना, काही हजार बायकांना नुसतं पाहत राहणं नीतीला धरून होतं का? हा सवाल वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांतून जोरात विचारला गेला. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या भागात तपासणीची सेवाच नव्हती, त्यामुळं ‘नेहमीची सेवा’ म्हणजे जे होतं तेच. माझं मत विचाराल, तर प्रश्न रास्त होता. फक्त तो संशोधकांना विचारून थांबता येत नाही. संशोधकांनी त्या तेरा गटांना काही वर्षं तपासणीबाहेर ठेवलं. उरलेल्या महाराष्ट्रातल्या सगळ्या तालुक्यांना कुणी बाहेर ठेवलं होतं?

बार्शीचं नाव याच आजाराच्या संदर्भात आणखी एकदा जगापुढं आलं, तेही काहीशा अपघातानं. या विषाणूवर लस निघाली. ती तीन डोसांऐवजी दोन डोसांत भागेल का, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींचा अभ्यास सुरू झाला. त्यातलं एक केंद्र बार्शी, एक पुणं, एक मुंबई. दरम्यान आंध्र आणि गुजरातेत चाललेल्या एका वेगळ्याच लसप्रकल्पावरून, तिथल्या संमतिपत्रांवरून, मोठं वादळ उठलं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं असलं सगळंच लसीकरण थांबवलं. बार्शीसकट सगळीकडं हजारो मुली एकाच डोसावर राहिल्या. संशोधकांनी वह्या मिटवल्या नाहीत. या मुलींचा मागोवा घेत राहिले. २०२१ मध्ये निकाल आला. मुख्य दोन विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसानं ९५ टक्के संरक्षण दिलं होतं, दोन किंवा तीन डोसांइतकंच. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसालाही मान्यता दिली. त्यामागं आफ्रिकेतले अभ्यासही होते, पण या मुलींची साक्ष मोठी होती. गरीब देशांचा लसीवरचा खर्च आणि खटाटोप त्यामुळं बराच कमी झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही त्याच सुमारास, २०२२ मध्ये, मंजूर झाली आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. लसीबद्दल इथं एवढंच पुरे, कारण आज तिशी-चाळिशीत असलेल्या बायकांना तिचा फारसा उपयोग नाही. त्यांना हवी आहे ती तपासणी.

तर मग आज आपल्या गावात तपासणीची स्थिती काय आहे? आधी चांगलं सांगते. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यात पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत सोलापूर होता. पुढं २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. कॅन्सरची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांचा खर्च त्यात बसतो. या योजनेआधी कॅन्सरचं निदान झालं, की घरात पहिली चर्चा व्हायची ती कुठली जमीन विकायची याची, आणि बाईचा आजार असेल, तर ती चर्चा लवकर संपायची. हा बदल लहान नाही. शिवाय उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत, गावात आशाताई आहेत. तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासायचं, असं २०१६ नंतरचं राष्ट्रीय धोरण सांगतं. कागदावर पाहाल, तर बार्शीच्या पथकानं जे केलं, ते आता प्रत्येक उपकेंद्राचं काम आहे.

प्रत्यक्षात साखर आणि रक्तदाब तपासला जातो. दंड पुढं केला, बोट पुढं केलं, की झालं. बाकीचं मागं पडतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, ‘गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी केली आहे का?’ देशात ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोन. उस्मानाबादच्या खेड्यांत वीस वर्षांपूर्वी शंभरात ७९ आल्या होत्या. म्हणजे आपल्या बायका येत नाहीत, ही सबब चालणार नाही.

का होत नाही, याची मला दिसणारी कारणं फार शास्त्रीय नाहीत. मी काम केलेल्या एका केंद्रात तपासणीचं टेबल होतं, पण ते औषधांच्या खोक्यांखाली गाडलेलं होतं. खोक्यांना जागा मिळाली, तेव्हा कळलं की खिडकीला पडदा नाही आणि खिडकी एसटीच्या थांब्याकडं उघडते. पडद्यासाठी केलेला अर्ज दोन आर्थिक वर्षं फिरत राहिला. शेवटी नर्सबाईंनी घरून जुनं लुगडं आणलं. नळीसारखं जे उपकरण लागतं, ते दोनच. एक उकळत असताना दुसरं वापरायचं, म्हणजे सकाळच्या वेळात किती बायका होणार? आणि ज्या नर्सबाईला प्रशिक्षण दिलेलं, तिच्याकडं बाळंतपणं, लसीकरण, कुटुंबनियोजनाचं उद्दिष्ट आणि आता मोबाइलवरची दहा नोंदणी-अ‍ॅपं. व्हिनेगरची तपासणी हात आणि डोळा मागते, असं मघाशी म्हटलं. वर्षाला वीस तपासण्या करणारीचा डोळा तयार होत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाची भिस्त प्रामुख्यानं याच तपासणीवर आहे, आणि तीसुद्धा मुंबईसारखी दर दोन वर्षांनी नाही, तर पाच वर्षांनी.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तपासणीच्या अभावी जी पोकळी राहते, तिच्यात भीती शिरते. पांढरं जाणं ही खेड्यातल्या बाईची सर्वांत सामान्य तक्रार. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होणारा. पण ‘पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे वाक्य आपल्या भागात किती बायकांनी ऐकलं असेल! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती, त्यातल्या कितीतरी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. याच बायका हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडात येतात. ज्या पट्ट्यानं जगाला साध्या चाचणीचा धडा दिला, त्याच्या शेजारी कॅन्सरच्या भीतीपोटी चांगल्या पिशव्या काढल्या गेल्या. एक तपासणी झाली असती, तर ‘तुला काही नाही’ असं सांगणारा कागद त्यांच्या हाती असता. तपासणी रोग शोधण्यासाठी असते, तशी ती ‘रोग नाही’ हे सांगण्यासाठीही असते, आणि आपल्याकडं हा दुसरा उपयोग कदाचित जास्त मोलाचा ठरेल.

विषाणूच्या चाचणीला आता तीन सोयी जोडल्या गेल्या आहेत, त्या सांगते. एक म्हणजे नमुना बाई स्वतः घेऊ शकते. न्हाणीघरात जाऊन एक मऊ ब्रश फिरवायचा आणि नळीत टाकायचा. पडदा नको, टेबल नको, पाहणारं कुणी नको. जागतिक आरोग्य संघटना याला मान्यता देते. दोन, ‘नाही’ असा निकाल आला, तर पुढची पाच-दहा वर्षं पुन्हा तपासणी लागत नाही. तीन, चाचणीचं यंत्र. बार्शीत त्या काळी त्यासाठी परदेशी सामग्रीची प्रयोगशाळा उभारावी लागली होती. आता देशी बनावटीच्या चाचण्या आल्या आहेत, २०२५ मध्ये त्यांची पडताळणी झाल्याचं जाहीर झालं आहे, आणि त्यातली एक ज्या छोट्या यंत्रावर चालते, त्या जातीची यंत्रं क्षयरोगाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांनी आधीच घेतलेली आहेत. क्षयरोगाचे नमुने नेणारा माणूस हेही नमुने नेऊ शकेल.

ऐकणाऱ्या भगिनींसाठी थोडं कामाचं. वय तिशीच्या पुढं असेल, तर त्रास असो वा नसो, एकदा तपासून घ्या; उपकेंद्रावर किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा, तिथं नाही म्हणाले, तर सिव्हिलला किंवा बार्शीला विचारा. पाळीच्या दिवसांत जाऊ नका. संबंधानंतर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मध्ये गेलं, किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा गेलं, तर तपासणीच्या मोहिमेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. पाळी परत आली म्हणून समाधान मानणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. आणि कुणी तपासल्यावाचून पिशवी काढायला सांगितलं, तर तपासणीचा कागद मागा.

उस्मानाबादच्या अभ्यासात विषाणूची चाचणी झालेल्या दर दहा बायकांपैकी साधारण एकीचा निकाल ‘आहे’ असा आला होता. तिला कॅन्सर आहे असा त्याचा अर्थ नसतो, पण तिला पुढची तपासणी लागते, आणि ती घरी ब्रश फिरवून होत नाही. तिला तालुक्याला किंवा सोलापूरला यावं लागतं, कधी दोनदा. बार्शीच्या पथकाकडं त्यासाठी गाडी होती आणि तिच्या दारात जाऊन ‘चल’ म्हणणारी बाई होती. कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात किटचे पैसे दिसतात, प्रशिक्षणाचे दिसतात, भिंतीवरच्या घोषणांचे तर दिसतातच. एसटीचं तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धं झालंय, तेवढा भार हलका झाला. पण सोबत येणारं एक माणूस, मागं घरी राहणाऱ्या लेकरांचं जेवण आणि तिचा त्या दिवसाचा बुडालेला रोज हा खर्च कुठल्या शीर्षाखाली घालायचा, हे मी जिल्ह्याच्या तीन-चार बैठकांत विचारलं. तसं शीर्ष अजून कुणी मला दाखवलेलं नाही.